मधला सिलिंडर

गाडी गचके खात फाटकातून आत आली, तशी महादेवरावांनी शेजारच्या खुर्चीतल्या गोपाळरावांकडे पाहून डोळे मिचकावले. दसऱ्याचा दुसरा दिवस होता. गोपाळराव सोनं द्यायला म्हणून आले होते आणि नेहमीप्रमाणे चिवड्याची दुसरी वाटी येईपर्यंत थांबले होते. गाडीनं अंगणात शेवटचा आचका दिला आणि ती बंद पडली.

वैभवी खाली उतरली. महादेवरावांची सून, कन्हानच्या कॉलेजात शिकवायची. गाडी तिनं स्वतःच्या पगारातून घेतली होती. तेव्हापासून बस बदलत, लटकत जाणं संपलं होतं आणि लेक शाळेतून यायच्या आत ती मनीषनगरला घरी पोचत होती. इंजिन सकाळपासून थरथरतंय, दाबलं तरी जोर धरत नाही आणि समोरचा पिवळा दिवा लुकलुकतोय, असं तिनं सांगितलं. “मामाजी, काल...” असं काहीतरी ती सासऱ्यांना पुढे सांगणार होती, पण गोपाळरावांकडे पाहून थांबली.

महादेवरावांचा निकाल तयारच होता. “क्लचवरून पाय उचलतच नाही, मंग इंजिनाले दोष देऊन काय फायदा गा?” हे ते सुनेला नाही, गोपाळरावांना म्हणाले. गोपाळराव पोट हलवून हसले.

आवाज ऐकून अमोल बाहेर आला. एसटीच्या वर्कशॉपात हयात घालवलेले वडील बोलले म्हटल्यावर त्याला विचार करायचं कारणच नव्हतं. उद्यापासून बसनं जात जा, किल्ली घरातच राहील, असं त्यानं बायकोला सांगून टाकलं. वैभवीचे कान लाल झाले. तिनं किल्ली सासऱ्यांच्या हातावर ठेवली आणि ती आत गेली. खोटं कशाला बोला, महादेवरावांना त्या घडीला थोडी मजाच वाटली.

मग त्यांनी बाह्या वर सारल्या आणि बॉनेट उघडलं. गोपाळरावांना काहीतरी करून दाखवायचं होतं. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी इंजिन दाखवलं नव्हतं. इंजिन चालू केलं. ते एका पायानं लंगडणाऱ्या माणसासारखं चालत होतं. तीन सिलिंडर, त्यातला एक काम करत नव्हता, एवढं त्यांच्या कानानं लगेच ओळखलं. त्यांनी पहिल्या सिलिंडरच्या, प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या कॉइलची वायर काढली. इंजिन आणखी बसलं, म्हणजे पहिला ठीक. वायर परत लावून त्यांनी तिसऱ्याची काढली, तर तोही ठीक. मधल्याची काढली. आवाजात काही फरक पडला नाही.

“सापडला चोर,” ते मोठ्यानं म्हणाले. इंजिन बंद करून त्यांनी मधली कॉइल पान्यानं सोडवली आणि वर ओढली. कॉइलच्या रबरावरून पाणी ठिबकलं. त्यांनी वाकून पाहिलं. खाली प्लगच्या खड्ड्यात पाणी साचलं होतं.

त्या पाण्याचा पत्ता त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. काल सकाळी गाडीच्या पूजेच्या आधी त्यांनीच बॉनेट उघडून इंजिनावर पाण्याचा पाइप धरला होता. वर्कशॉपात दर दसऱ्याला ते बसगाड्यांची इंजिनं अशीच धुवून काढायचे. मशीन स्वच्छ नसेल तर हळदीकुंकू कशाला, असं सगळ्यांना ऐकवायचे. पण ती इंजिनं डिझेलची होती. त्यांना स्पार्क प्लग नसतो, मग प्लगच्या खड्ड्यात पाणी जाणार कुठून? सारा जन्म डिझेलमध्ये गेला आणि पेट्रोलच्या गाडीला त्यांनी आपल्या हातानं अंघोळ घातली. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“काय निघालं गा?” गोपाळरावांनी खुर्चीतूनच विचारलं.

महादेवराव सरकून असे उभे राहिले, की गोपाळरावांना आतलं दिसू नये. पेचकसाला जुन्या धोतराचं फडकं गुंडाळून त्यांनी खड्डा पुसला, फडकं पिळलं, पुन्हा पुसला. रबर पुसलं. कॉइल बसवून त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन गुमान चालू लागलं. मध्येच एक बारीक आचका आला, तेवढाच.

गोपाळरावांनी टाळ्या वाजवल्या. अमोल जवळ येऊन म्हणाला, “मंग बाबा, क्लचचंच होतं न?”

नाही म्हणायला किती वेळ लागतो? महादेवरावांनी तोंड उघडलंही. गोपाळराव मान पुढे काढून ऐकत होते. उद्या सगळ्या गल्लीत हे होईल, एवढंच त्यांच्या मनात आलं.

“हो,” ते म्हणाले. “क्लचचंच.”

अमोलनं मान डोलावली, इंजिन बंद करून किल्ली काढली आणि खिशात टाकली. महादेवराव बॉनेटमध्ये तोंड घालून उभे राहिले. काही शोधायचं नव्हतं. वर पाहायची लाज वाटत होती.

वैभवी चहा घेऊन बाहेर आली. एक कप तिनं गोपाळरावांना दिला, एक अमोलला. तिसरा घेऊन ती गाडीपाशी आली. दुसऱ्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते तिनं बॉनेटच्या आड, कुणाला दिसणार नाही असं, बॅटरीवर ठेवलं. टॉवेल सरकला. आत तिचं केस सुकवायचं मशीन होतं.

“नुसत्या फडक्यानं पाणी पूर्ण सुकत नाही, मामाजी,” ती हळूच म्हणाली. “हे लावा. गोपाळकाका गेल्यावर.”