चपला आत घ्या

"चपला आत घ्या, चपला आत," आभा दारात उभी राहून प्रत्येकाला हळूच सांगत होती. आलेला माणूस ओशाळून वाकायचा, आपला जोड उचलायचा आणि बाथरूममध्ये नेऊन ठेवायचा. कामोठ्यातल्या तिच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी गुरुवारची घरगुती प्रार्थना वर्षानुवर्षं चालत आली होती. चपला लपवायची पाळी मात्र आजच आली.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या आठवड्यात दोन सेक्टर पलीकडे अशाच एका घरात माणसं घुसली होती. मोबाईल तोंडासमोर धरून एकेकाला नाव विचारत होती, कुणाला बाटवायला जमलात म्हणून दरडावत होती. चर्चच्या पाळकसाहेबांनी आभाच्या नवऱ्याला, विश्वजीतला, फोन करून सांगितलं की काही दिवस थांबू या. तर हा म्हणाला, "छे हो साहेब, भ्यायचं कशाला? आपण काय चोरी करतोय?" फोनवर शूर व्हायला काय जातंय!

आता खिडक्या लावून घेतल्या होत्या. बाहेर आवाज जाऊ नये म्हणून टीव्हीवर मालिका मोठ्याने लावली होती. गाणं टाळ्यांशिवाय, ओठातल्या ओठात उरकलं होतं. लिफ्टचं दार वाजलं की सगळे एकमेकांकडे बघत.

बायबलमधला शास्त्रपाठ मात्र नेहमीच्या रीतीने सुरू झाला. एकेकाने एकेक वचन वाचायचं आणि पाळी शेजारच्याकडे द्यायची. कुणी मध्येच उठलं तर त्याचं वचन दुसऱ्याने वाचायचं नाही, तो परत येईपर्यंत थांबायचं. ही शिस्त सत्यवतीबाईंची. बाई निवृत्त नर्स, आणि वॉर्ड सुटला तरी शिस्त सुटली नव्हती.

आजचा भाग पेत्राचा होता. पेत्र येशूचा शिष्य, जीव गेला तरी साथ सोडणार नाही असं छातीठोकपणे सांगणारा. गुरूला पकडून नेलंय आणि हा बाहेर अंगणात शेकोटीशी हात शेकत बसलाय. सत्यवतीबाईंनी आपलं वचन वाचलं. एक दासी पेत्राकडे निरखून बघते आणि सगळ्यांना सांगते, हाही त्याच्याबरोबरचाच. पुढचं वचन विश्वजीतचं होतं. त्याने तोंड उघडलं आणि बेल वाजली.

कुणी हललं नाही. बेल पुन्हा वाजली.

"उघडू नका," आभाने त्याचा हात धरला.

"टीव्ही चालू आहे. आपण घरात आहोत हे कळलंय त्यांना."

विश्वजीत हात सोडवून दाराशी गेला. त्याने साखळी न काढता दार फटीएवढं उघडलं. बाहेर आडव्या अंगाचा एक माणूस उभा होता. कपाळाला टिळा, गळ्यात जाड चेन, हातात मोबाईल. विश्वजीतला तेवढा मोबाईलच दिसत राहिला.

"तुमी ते प्रार्थनावाले ना?"

"नाही हो," विश्वजीत म्हणाला. "आम्ही त्यांच्यातले नाही."

"नाय?" माणसाचा चेहराच उतरला. "वॉचमन बोलला, ज्या दाराबाहेर चपलांचा ढीग दिसल तोच घर. इथं तर एक पन चप्पल नाय. मना वाटलाच, चुकलो." तो क्षणभर घुटमळला. "माजी पोरगी दवाखान्यात हाय. डोले उघडत नाय. बायको बोलली, त्यांना सांगा, ते देवाजवल मागतात. जाऊ दे. तुमाला तरास दिला. वरच्या माल्यावर बगतो."

तो जिना चढू लागला. त्याला हाक मारावी असं विश्वजीतला वाटलं, पण त्याने मारली नाही. खोटं बोलत असला तर? असंच काहीतरी सांगून घुसत असतील तर? त्याने दार लावलं.

"कोण होतं?"

"कुणी नाही. घर चुकला."

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. कुणीतरी "देवाची कृपा" असंही म्हणालं. सत्यवतीबाईंनी चष्मा वर सरकवला. "विश्वजीत, तुझं वचन राहिलंय."

तो आपल्या जागी बसला. वचन एवढंसं होतं, पेत्राने त्या दासीला दिलेलं उत्तर, 'बाई, मी त्याला ओळखत नाही', लहानपणी रविवारच्या शाळेत पाठ केलेलं. नाताळच्या एका कार्यक्रमात त्याने ते ऐटीत म्हणूनही दाखवलं होतं आणि टाळ्या घेतल्या होत्या. आज बोट ओळीवर ठेवलं आणि ते तिथेच अडलं. कुणीतरी त्या पानातून मान वळवून आपल्याकडेच बघतंय असं त्याला वाटलं. दारातल्या माणसाची वाटली नव्हती एवढी भीती त्याला आता वाटत होती.

"वाच ना रे."

"मी वाचलंय ते," तो म्हणाला.

"कधी?"

"आत्ता. दारात."

खोलीत फक्त टीव्हीवरची सासू बोलत राहिली. विश्वजीतने तो माणूस कशाला आला होता ते दोन वाक्यांत सांगितलं. मग तो उठून बाथरूममध्ये गेला आणि छातीशी चपलांचा भारा धरून बाहेर आला.

"अहो, काय करताय?" आभाला रडू फुटायचंच बाकी होतं. "तो खोटं बोलत असला तर?"

"असेलही," तो म्हणाला.

सत्यवतीबाई गुडघ्यावर हात टेकत उठल्या. राहिलेल्या चपला घेऊन त्याच्या मागोमाग दारापर्यंत आल्या. "माझ्या सगळ्यांत वर ठेव," त्या म्हणाल्या. "पांढऱ्या आहेत, जिन्यातून लांबूनही दिसतील."

त्याने साखळी काढून दार सताड उघडलं आणि उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग लावला. आभाने टीव्ही बंद केला. वर कुणीतरी दार धाडकन लावून घेतलं. मग जिन्यावर जड पावलं वाजू लागली, एकेक पायरी खाली येणारी.