नवा तक्ता

शाळेत मी शिपाई. डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता वर्षभर कपाटात धूळ खात पडायचा, म्हणून तो घरी आणला आणि पन्नाशी उलटल्यावर, नातीबरोबर, त्यावरच वाचायला शिकलो. "आजोबा, पुन्हा चुकलात! अंगठे धरा," असं दटावत तिनं अगदी खालची बारीक ओळही माझ्याकडून पाठ करून घेतली.

दरवर्षी तपासणीच्या दिवशी तोच तक्ता मी शाळेच्या भिंतीवर लावायचो. एकेक डोळा झाकून नात सगळ्या ओळी घडाघडा म्हणायची. डॉक्टरीणबाई "नजर उत्तम" असं लिहायच्या आणि माझी छाती फुगायची.

यंदा ती चौथीत गेली आणि तक्ता नवा आला. उजवा डोळा झाकल्यावर ती सर्वांत मोठ्या अक्षरापाशीच अडली.

"डावा डोळा लहानपणापासूनच अधू आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पहिलीत कळलं असतं तर सुधारला असता. आता उशीर झाला, पूर्ण सुधारणं अवघड."

मी तिथंच भिंतीला टेकून खाली बसलो.

 

नातीनं फ्रॉकनं माझे डोळे पुसले. "रडू नका ना आजोबा, हा तक्ता आपण पाठच केला नव्हता. पुढच्या वर्षी बघा, पैकीच्या पैकी!"