मी बघून येते

मिरजेची शर्वरी तिसऱ्या सेटमध्ये एक-पाचने मागे पडली आणि सांगलीच्या जिमखान्यातले प्रेक्षक पिशव्या आवरू लागले. कुमुदिनीचे यजमान वसंतरावही उठले. "चल, संपलं आता."

कुमुदिनी हलली नाही. ते "चल" म्हणाले की ती चाळीस वर्षं निघत आली होती. नाटकाच्या मध्यंतरात, लग्नाच्या पंगतीतून, एकदा तर आजारी आईच्या उशापासून. "तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "मी बघून येते."

ते खरोखरच निघून गेले. पायात गोळे आलेली शर्वरी लंगडत सर्व्हिसला उभी राहिली, तेव्हा कुमुदिनीने एकटीनेच टाळ्या वाजवल्या. शर्वरीने तो गेम घेतला, पुढचाही घेतला. दारापर्यंत गेलेली माणसं परत आली आणि तिच्या नावाने ओरडू लागली. पाच-पाच झालं, मग सहा-सहा. टायब्रेकमध्ये तीन मॅचपॉइंट वाचवून शर्वरी हरली, तेव्हा सगळी गॅलरी उभी होती.

वसंतराव गाडीत वाट बघत होते. "हरलीच ना? मी म्हटलं नव्हतं?"

"हरली," बसलेल्या घशाने कुमुदिनी म्हणाली. "उद्या तिची दुहेरीची मॅच आहे. मी येणार आहे. तुम्हाला मध्येच उठायचं असेल, तर येऊ नका."