दाराआडचा खोकला

“आण्णा, अर्धा तास अजिबात आवाज करू नगा. पीएचडीची मुलाखत हाय माझी.”

केरळात तीस वर्षं अ‍ॅसिडच्या धुरात सोनं गाळून आठ वर्षांपूर्वी विट्याला परतलेले शिवांजलीचे वडील तोंडाला टॉवेल लावून दाराआड गेले.

लॅपटॉपवरून जर्मनीतल्या प्राध्यापकांनी तिला विचारलं, “रसायनशास्त्रात एवढं काही आहे. अ‍ॅसिडचा धूर शोषून घेणारे पदार्थ, हाच विषय का?”

तिनं पाठ केलेलं उत्तर सुरू केलं. तेवढ्यात दाराआड ठसका लागला. दाबला तसा खोकला वाढतच गेला.

“खोकला थांबेपर्यंत वाट बघू या का?” प्राध्यापकांनी विचारलं.

शिवांजलीनं समोरचा कागद उलटा ठेवला.

“सर, आठ वर्षं वाटच बघितली. म्हणून तर हा विषय घेतला.”