जावयाची भाषा

जावई परदेशातच वाढलेला, त्याला मराठी येत नव्हती. त्याच्याशी चार शब्द बोलता यावेत म्हणून राजेश्वर गावच्या कमलबाई साठाव्या वर्षी रोज दुपारी शेजारच्या जयंती मास्तरणीकडं इंग्रजी शिकायला बसू लागल्या.

"चुकू द्या की अक्का, पर बोलत ऱ्हावा," मास्तरीण म्हणायची, आणि कमलबाई न लाजता मोठ्यानं बोलायच्या.

आठ महिन्यांनी, आज जावयाशी इंग्रजीतच बोलायचं असं ठरवून, लेकीला काही न सांगता त्यांनी व्हिडिओ कॉल लावला.

"डोळा कामून सुजलाय गं, विजू?" स्वतःच्या डोळ्याकडं बोट दाखवत त्यांच्या तोंडून आधी मराठीच निघालं.



लेक काही बोलायच्या आत मागून जावयानं, आवाजही न दाबता, तिला इंग्रजीत सांगितलं, "पाय घसरला म्हणून सांग, मागच्या वेळेसारखं."