अकरा ते बारा

“धुलाई विभाग बंद करायचा, ठरलंय,” कापड कारखान्याचे मालक म्हणाले. “रोज अकरा ते बारा तिथल्या बायका हातावर हात ठेवून बसतात.”

समोर व्यवस्थापन शिकणारी मुलगी बसली होती. विद्यापीठ, कारखाना आणि सरकारी उद्योग कार्यालय यांनी मिळून नवा अभ्यासक्रम काढला होता. त्यातली ती पहिलीच विद्यार्थिनी. तिचे प्राध्यापक आणि उद्योग कार्यालयातल्या मॅडमही तिचा अहवाल ऐकायला आल्या होत्या. चौदा बायकांची नोकरी टांगणीला लागली होती.

“त्या का बसतात, कुणी विचारलं?” तिने म्हटलं.



तिने स्वतः विचारलं होतं. विभागातल्या सर्वांत जुन्या मावशी म्हणाल्या होत्या, “नळच कोरडा पडतो गं. मुकादमाला सांगून सांगून जीभ झिजली.”

पाणी नेमकं अकरालाच का जावं? तिला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी चिखल तुडवत, कुंपणं ओलांडत ती पाइपाच्या कडेकडेने चालत निघाली. दीड-दोन मैलांवर एक माणूस घड्याळ बघून व्हॉल्व्हचं चाक फिरवत होता.

“अकराला इकडचं बंद, तिकडचं चालू,” तो म्हणाला. “सहा वर्षं झाली.”

“का पण?”

“वरून कागद आलाय. आपण कशाला डोकं चालवा?”

तो कागद पाहिल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरेना. पाणी कार्यालयात चार दिवस खेटे घातले, तेव्हा कुठे नक्कल हाती लागली.

तीच तिने आता टेबलावर ठेवली. मॅडम वाकून बघू लागल्या. त्यांचा चेहरा उतरला.

“शिफारस आमच्याच कार्यालयाची आहे,” त्या पुटपुटल्या.

“अहो, पण माझं पाणी जातं कुठे?” मालकांनी विचारलं.

“विद्यापीठाच्या हिरवळीला,” मुलगी म्हणाली.

प्राध्यापकांनी कागद पुढ्यात ओढला. खाली विद्यापीठाच्या उद्यान समितीचे प्रमुख म्हणून अर्जदाराची सही होती. ती त्यांचीच होती.

मग प्राध्यापकांनी अर्ज मागे घेत असल्याचं तिथल्या तिथे लिहून मॅडमच्या हाती दिलं. मालकांनी विभाग बंद करण्याचा आदेश फाडला.

“हिला मार्क तुम्ही दोघांनी द्या,” प्राध्यापक उठता उठता म्हणाले. “माझा पेपर हिनेच तपासलाय.”