हेन्री की शिअरर

"हेन्री," साहिल म्हणाला आणि लगेच गोंधळून विशालकडे बघायला लागला.

"हेन्री माझा रे," विशाल हसला. "तुझा शिअरर. चल, परत. इंग्लंडच्या फुटबॉल लीगमधला सगळ्यात भारी कोण?"

"शिअरर."

"हट्! हेन्रीपुढे तुझा शिअरर म्हणजे बैल. आता तू काय बोलायचं?"

साहिलने डोळे मिटले. डोक्याला टाके पडले होते तिथे अजून केस आले नव्हते. "दोनशे साठ," तो म्हणाला. "दोनशे साठ गोल. हाय कुणाचे एवढे?"

"शाब्बास!"

बाहेर ओटीवर पोह्याचे पापड लाटणाऱ्या इंदुबाईंचं लाटणं थांबलं. मुलाच्या तोंडून एखादा आकडा न अडखळता आला की त्या हात जोडायच्या.

रामवाडीतल्या या घरात विशाल दर रविवारी सकाळी यायचा. रोह्याहून नागोठण्यामार्गे, एस.टी.ने, हातात मोसंब्यांची पिशवी. अपघातानंतर त्याने मोटरसायकलला हात लावला नव्हता. बाकीचे मित्र दोनदा-तीनदा येऊन गेले आणि यायचे थांबले. हा एकटा टिकला, म्हणून शेजारीपाजारी त्याचं कौतुक करायचे.

चार महिन्यांपूर्वी दोघं साहिलच्या गाडीवरून कोलाडला निघाले होते. खांब गावाजवळ रस्ता ओलांडणाऱ्या पुतळीबाई नावाच्या बाईला गाडीची धडक बसली. बाई जागीच गेली. विशालला खरचटलं. साहिल अकरा दिवसांनी शुद्धीवर आला, तेव्हा त्याला फक्त आई ओळखू आली. बाकी सगळं विस्कटलेलं होतं.

विशालचा जबाब त्याच दिवशी झाला होता. साहिलचा राहिला होता आणि त्यावाचून केस पुढे सरकत नव्हती. केस अंगावर आहे तोवर विशालची कंपनी त्याला नोकरीत पक्कं करायला तयार नव्हती. हवालदार दोनदा येऊन हात हलवत परत गेले होते. त्यांना साहिलला एवढंच विचारायचं होतं, की गाडी कोण चालवत होतं. उद्या ते पुन्हा येणार होते.

"तुझ्या जबाबात काय हाय ते सांग तरी त्याला," इंदुबाई एकदा म्हणाल्या होत्या.

"नको काकी. मी सांगितलं तर तो तेच धरून बसेल. त्याच्या स्वतःच्या तोंडून यायला पाहिजे."

इंदुबाईंना ते पटलं होतं.

आवडीचं बोला, घाई करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आवडीचं म्हणजे फुटबॉल. शाळेत असल्यापासून दोघं याच खोलीत हेन्री की शिअरर यावरून भांडत आले होते. विशालने तिथूनच सुरुवात केली. साहिल पुन्हा पुन्हा हेन्रीवर जायचा, विशाल न कंटाळता त्याला शिअररवर आणायचा. दुसऱ्या रविवारी त्याने भिंतीवरचं हेन्रीचं पोस्टर काढून पिशवीत घातलं. "हे समोर असलं की त्याचा गोंधळ होतो," तो म्हणाला होता.

"पण मी तर घरात सारखं हेन्री हेन्रीच ऐकलंय," इंदुबाई म्हणाल्या होत्या.

"मी ओरडायचो ना काकी."

"असेल बाबा. दोघं पण कावळ्यासारखे ओरडायचात. मला काय कळतंय त्यातलं?"

आज मात्र विशालने भांडण शेवटपर्यंत न्यायचं ठरवलं होतं.

"अख्खा सीझन एक मॅच हरले नाय हेन्रीवाले," तो म्हणाला. "आणि शिअरर? गोल मारला की एक हात वर करून पळायचा. जसा काय एस.टी. थांबवतोय!"

साहिलचे कान लाल झाले. "एस.टी. थांबते तरी! तुझा हेन्री नुसता नाचतो."

"नाचून गोल होत असतील तर नाचू दे की."

"मग लग्नाच्या वरातीत पाठव त्याला! डिफेंडर अंगावर घेऊन मारून दाखव म्हणावं. डोक्याने मार, लांबून मार. दोनशे साठ! गप बस तू!"

दाराशी इंदुबाई आल्या. हात पिठाचे, डोळ्यांत पाणी. "तोच आवाज," त्या पुटपुटल्या. "माझा पोरगा आला गो बाई परत."

विशाल साहिलच्या जवळ सरकला. "आता खांबचं सांग. भांडत होतो तेव्हाही. काय दिसतंय?"

साहिलच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तो चादरीकडे बघायला लागला.

"मागून ओरडणं चाललंय," तो सावकाश म्हणाला. "हेन्री, हेन्री. आणि चालवणारा चिडून मागे वळतो. शिअरर, शिअरर म्हणतो. समोर बघतच नाय. मग ती बाई…"

"मागे कोण होतं?"

"हेन्रीवाला. तू."

"आणि पुढे?"

साहिलने आईकडे बघितलं. "मी. आई, मी चालवत होतो."

इंदुबाई दारातच खाली बसल्या. मग पदराने तोंड पुसून त्या उठल्या आणि मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला.

"कुणाची तरी आई गेली रे त्यात. जे आठवलं तेच उद्या सांगायचं. खोटं बोलायचं नाय. काय होईल ते होईल."

"व्हय," साहिल म्हणाला.

त्या विशालकडे वळल्या. "आणि तू एवढे दिवस हे पोटात ठेवलंस. त्याला एका शब्दाने दुखवलं नायस. पोटचा असता तरी एवढं केलं नसतं."

विशालने मान खाली घातली. निघताना त्यांनी पापडांचा पुडा त्याच्या पिशवीत कोंबला आणि तो नको नको म्हणत असताना त्याच्यावरून कडाकडा बोटं मोडली.

विशाल नाक्यावर आला. सातवीपासून ज्याच्यासाठी त्याने स्वतःचा घसा फोडला होता, तो शिअरर साहिलच्या गळ्यात मारायला सोळा रविवार लागले होते.